फिरलेले चिमटे

१

शनिवारी सकाळी वाचनालयाचा जिना चढून मी वर पोचले, तेव्हा टेबलावर बारा कागदी पिशव्या मांडलेल्या होत्या आणि त्यांच्यासमोर आमची बियाणेताई कमरेवर हात ठेवून उभी होती. आठ पिशव्यांची तोंडं उघडी होती, चार अजून बंद होत्या.

"काकू, बरं झालं आलात," ती म्हणाली. "बटाटेवालीनं आपल्याला फसवलंय."

मी पर्स खुर्चीला अडकवली. चहा मिळायच्या आधीच कुणी कुणाला फसवल्याचं कानावर आलं की माझं डोकं जरा जास्तच तरतरीत होतं. नोकरीच तशी केली. विमा कंपनीत खोटे दावे हुडकायचं काम माझ्याकडे होतं. दुकानाला लागलेल्या आगी, हरवलेले दागिने, एकाच गाडीचे लागोपाठ अपघात, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. निवृत्त झाले आणि घरातल्या दुधाच्या हिशेबावर, नातवाच्या पोटदुखीवर संशय घ्यायला लागले, तेव्हा सूनबाईनं हात जोडले. "आई, तुमच्या शंका या घरात मावत नाहीत. बाहेर कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या."

म्हणून मी इथे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी शाळकरी मुलं आपापले विज्ञानाचे प्रयोग घेऊन येतात. प्रदर्शनाला जाण्याआधी कुणीतरी ते नीट वाचावेत, प्रश्न विचारावेत, कुठे घसरलं ते सांगावं, म्हणून आम्ही चार स्वयंसेवक बसतो. पगार नाही, मान नाही, चहासुद्धा आपापला. म्हणजे आम्ही चार फुकट फौजदार. मुलं मला शंकाकाकू म्हणतात आणि मला ते आवडतं.

बियाणेताई तिशीतली, बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. आमच्यातली सगळ्यात लहान, म्हणून सगळी धावपळ तिच्या गळ्यात. प्रदर्शनाला कुणाची नावं पाठवायची हेही तीच ठरवते.

"काय फसवलं?" मी विचारलं.

तिनं एक जाड पुठ्ठा पुढे सरकवला. त्यावर ओळीनं बारा दोरे चिकटपट्टीनं लावले होते, प्रत्येकाखाली पिशवीचा नंबर. बटाट्याचा कोंब सरळ कधी वाढत नाही, तेव्हा पट्टीनं काय मोजणार? नववीतल्या या पोरीनं, म्हणजे आमच्या बटाटेवालीनं, पिशवीतल्या सगळ्यात लांब कोंबावर दोरा फिरवला, तेवढाच कापला आणि पुठ्ठ्यावर लावला. मला ती युक्ती पहिल्या दिवसापासून आवडली होती.

"हा पाच नंबरचा दोरा. नखाएवढा आहे. आणि आता ही पाच नंबरची पिशवी बघा."

पिशवीतल्या एका बटाट्याला करंगळीएवढा कोंब आला होता.

"सहा नंबरचा दोरा करंगळीएवढा, आणि पिशवीत नखाएवढा कोंब. नीट बंद केलेल्या दिसल्या त्या या आठ आधी उघडल्या, आठांचंही असंच आहे. कोंब काय रात्रीतून आत गेले? हिनं पिशव्या न उघडता घरी बसून दोरे कापलेत. संध्याकाळी पाचला नावं जाणार आहेत. हिचं नाव मी खोडणार, आणि खोटी मोजमापं असा शेरा शाळेला कळवणार."

तो शेरा म्हणजे काय, हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. शाळा त्या मुलीला पुन्हा प्रयोगशाळेच्या दाराशी उभं करणार नव्हती.

मागे काहीतरी हललं म्हणून मी वळले. बटाटेवाली दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

२

तिला घेऊन मी शेजारच्या अडगळीच्या खोलीत गेले. प्रयोग इथेच चालू होता. घरी ठेवले तर बटाटे रात्रीच्या जेवणात जातात, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणून आम्ही तिला इथली एक फळी दिली होती. खोलीची किल्ली दाराबाहेर खिळ्याला असते. आम्ही चौघे आणि ती, एवढ्यांनाच तिचा पत्ता माहीत.

"रडायचं असेल तर आधी रडून घे," मी म्हणाले. "मग मला पहिल्यापासून सांग."

"मी रडत नाहीये," ती म्हणाली आणि फ्रॉकच्या बाहीनं डोळे पुसले.

प्रयोग साधा होता. बटाट्यांत सफरचंद ठेवलं तर कोंब उशिरा येतात, असं तिच्या आईला कुणीतरी सांगितलं होतं. पोरीनं विचारलं, मग सफरचंद काढून घेतलं तर पुढे काय होतं? बारा पिशव्या, प्रत्येकीत सारखे बटाटे. विषम नंबरांच्या पिशव्यांत पहिला आठवडा एकेक सफरचंद ठेवलं, नंतर काढून टाकलं. सम नंबरांत काहीच नाही. मग सगळ्या पिशव्या अंधारात महिनाभर. पिशवीचं तोंड बंद करायला कपड्यांचे लाकडी चिमटे, आणि नंबर त्या चिमट्यांवर लिहिलेले.

"नंबर पिशवीवर का नाही लिहिले?"

"चिमटे परत वापरता येतात, काकू. पिशव्या फाटतात."

काटकसरी पोर. पण नंबर चिमट्यावर, याचा अर्थ चिमटा जिकडे जाईल तिकडे नंबर जाणार. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

"एक पिशवी बंद करून दाखव बघू."

तिनं रिकामी पिशवी घेतली, तोंड मुठीत चुरगळलं आणि वर चिमटा लावला. मी पुठ्ठा पुन्हा पाहिला. विषम नंबरांचे दोरे आखूड, सम नंबरांचे लांब, म्हणजे सफरचंदाच्या बाजूनं निकाल. फक्त सात आणि आठ या जोडीत उलटं होतं. सफरचंदाच्या पिशवीतला कोंब लांब.

"हे सात नंबरचं असं कसं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "मला पण वाईट वाटलं. पण होतं तसं लावलं."

मी आयुष्यात ढीगभर खोटे दावे वाचले आहेत. खोटं लिहिणारा माणूस आपल्याच घासात खडा टाकत नाही. घरी बसून दोरे कापले असते तर सहाच्या सहा जोड्या शहाण्यासारख्या वागल्या असत्या. आणि बियाणेताईनं उघडलेल्या पिशव्यांत सात-आठ नव्हत्याच. मी बाहेर जाऊन त्या दोन बंद पिशव्या उघडल्या. सात लांब, आठ आखूड, पुठ्ठ्यावर होतं तसंच. तीन आणि चार बंद होत्या, त्याही उघडल्या. त्याही जुळल्या.

म्हणजे आठ पिशव्या जुळत नव्हत्या आणि चार जुळत होत्या. मी परत आत गेले.

"मोजलंस कधी?"

"शुक्रवारी संध्याकाळी. ठरलं होतं तसं."

आत्तापर्यंत ती माझ्याकडे बघून बोलत होती. हे वाक्य तिनं फळीकडे बघून म्हटलं.

मला काही कळेनासं झालं. दोरे खरे वाटत होते, आणि पोरगी मात्र माझ्यासमोर खोटं बोलत होती.

३

आमच्यातले तिसरे म्हणजे सर. महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण तपासायची सवय काही निवृत्त झाली नाही. मुलांच्या कागदावर त्यांची लाल शाई मुलांच्या निळ्या शाईपेक्षा जास्त असते. ते खालच्या वाचन खोलीत पेपर वाचत बसले होते.

"मी पहिल्यापासून सांगत होतो," त्यांनी पेपरची घडी घातली. "मोजणाऱ्याला कुठल्या पिशवीत काय होतं ते माहीत असता कामा नये. माहीत असलं की हात आपोआप हवं तिकडे झुकतो. ती म्हणाली, सर, मोजायला दुसरं कोणी नाही. मग काय, व्हायचं ते झालं."

"तुम्हीच चहाच्या वेळी म्हणाला होतात, की एकदा गुपचूप नंबर बदलून ठेवावेत आणि गंमत बघावी."

"म्हणालो होतो. सगळ्यांसमोर म्हणालो होतो. बाई, तुम्ही मला विचारताय की आरोप करताय?"

"विचारतेय. आरोप मी बसून करते, उभ्यानं नाही."

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मुलीनं मोजलं की नाही, एवढाच प्रश्न आहे. मोजलं नसेल तर नाव खोडा. मोजलं असेल तर पिशव्यांना कोणी हात लावला ते शोधा. मला दोन्ही चालेल, पण काहीतरी एक सिद्ध करा."

त्यांचा स्वभाव फणसासारखा आहे असं मी म्हणणार नाही. आत गरे आहेत की नाहीत ते मला अजून कळलेलं नाही. पण माणूस सरळ आहे.

चौथे आमचे दातवाले डॉक्टर. त्यांचा दवाखाना समोरच्याच रस्त्यावर आहे, आणि पेशंट असले की ते उशिरा येतात. मी रस्ता ओलांडून गेले. डॉक्टर हातमोजे काढून टेबलाशी बसले होते आणि स्वच्छ केलेली हत्यारं कागदी पाकिटांत भरत होते. पाकिटात आरसा, चिमटी, टोकदार आकडी घालायची, तोंडाची अरुंद घडी, मग आणखी एक, मग आणखी एक, प्रत्येक घडीवर अंगठ्याचं नख फिरवायचं. असं भरलेलं पाकीट वाफेच्या भांड्यात जातं. बोलता बोलता त्यांचे हात आपोआप चालले होते.

"बियाणेताईचा फोन आला होता," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "फार वाईट वाटलं हो. गुणी मुलगी आहे."

"तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?"

"झालं ते झालं. वय काय तिचं? या वयात चूक कोणाकडूनही होते. प्रदर्शनाचं दडपण, शाळेचं दडपण. मी ताईला म्हणालो, नाव खोडायचं तर खोड, पण तो शेरा नको पाठवूस. पोरीचं आयुष्य आहे. मी रदबदली करतो, तुम्हीही करा."

डॉक्टर मुलांवर जीव टाकतात. त्यांच्या अभिप्रायात नेहमी एकच शब्द असतो, छान. तेवढं वाचून मुलं खूश होतात आणि काहीही शिकत नाहीत. त्यावरून त्यांचं आणि सरांचं दर शनिवारी वाजतं.

"शुक्रवारी तुम्ही वाचनालयात आला होतात?"

"तिनं मोजल्यानंतर मी तिकडे फिरकलोही नाही," ते म्हणाले. "शपथेवर सांगतो."

मी विचारलं होतं शुक्रवारबद्दल. त्यांनी उत्तर दिलं मोजल्यानंतरचं. मी उठले. रस्ता ओलांडताना माझ्या पायांना वेग आला होता.

४

वर पोचले तर खोलीत आणखी एक बाई. बटाटेवालीची आई, बेकरीत पाव भरायच्या कामावर. तिच्या बाहीला अजून पीठ होतं. कुणीतरी निरोप दिला असणार, काम टाकून आली होती.

"माझी मुलगी खोटं करणार नाही," ती बियाणेताईला सांगत होती. "तुम्ही तिला विचारा. गेला महिनाभर घरात दुसरा विषय नाही. कोंब, कोंब आणि कोंब. धाकटीसुद्धा बटाट्याला बाळ म्हणायला लागली."

"तिनं शुक्रवारी संध्याकाळी इथं मोजलं, असं ती सांगते," बियाणेताई म्हणाली.

आई गोंधळली. "शुक्रवारी? शुक्रवारी माझी पाळी बदलली होती. संध्याकाळभर ही घरी होती, धाकटीला सांभाळत."

सर एव्हाना वर आले होते, ते खिडकीपाशी उभे राहिले. डॉक्टरही माझ्यामागून येऊन पोचले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

आपण काय बोलून बसलो ते आईला त्या क्षणी कळलं. तिनं मुलीकडे पाहिलं.

"गुरुवारी," पोरगी म्हणाली. "मी गुरुवारी मोजलं. आईनं बुधवारी सांगितलं की शुक्रवारी पाळी बदललीय, म्हणून मी आदल्या दिवशी शाळेतून थेट इथं आले आणि मोजलं. सर म्हणाले होते, एक दिवस इकडचा तिकडे झाला तर प्रयोग गेला. म्हणून मी शुक्रवार सांगितला."

"आता गुरुवार म्हणतेस," बियाणेताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "सकाळपासून शुक्रवार होता. उद्या बुधवार होईल. मी कशावर विश्वास ठेवू?"

तिनं पेन उघडलं.

"विश्वास ठेवू नकोस," मी म्हणाले. "मी पण ठेवत नाहीये. पेन बंद कर आणि टेबल मोकळं करून दे. पाच वाजायला पुष्कळ वेळ आहे."

५

मी पुठ्ठ्यावरचे दोरे एकेक करून सोडवले.

"नंबर विसरा सगळे," मी म्हणाले. "फक्त लांबी बघायची."

बारा दोरे मी टेबलावर लावले, सगळ्यात आखूड डावीकडे, सगळ्यात लांब उजवीकडे. मग बियाणेताईला सांगितलं, प्रत्येक पिशवीतला सगळ्यात लांब कोंबाचा बटाटा काढ आणि तसेच लाव. तिचे हात सवयीचे. तिनं भराभर बारा बटाटे मांडले.

"आता प्रत्येक दोरा त्याच्यासमोरच्या कोंबावर ठेव."

तिनं पहिला ठेवला. दोरा कोंबापेक्षा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा तोकडा. दुसरा ठेवला, तोही तेवढाच तोकडा. तिसरा. चौथ्यापासून तिचा वेग मंदावला. बाराव्यापर्यंत ती खुर्चीवर बसली होती.

"सगळे तेवढेच कमी," ती पुटपुटली.

"घरी बसून कोणी बारा दोरे कापले, तर ते इथल्या बारा कोंबांना असे बसतील? हिनं हेच बटाटे मोजलेत. आणि मोजल्यानंतर कोंब जरासे वाढलेत. तू रोज अंकुर बघतेस. एका रात्रीत एवढं होतं का?"

तिनं एक दोरा पुन्हा कोंबावर धरला. "एका रात्रीत नाही. दोन दिवस धरले तर बरोबर आहे."

"म्हणजे गुरुवार."

सर खिडकीपासून टेबलाशी आले. "बाई, तुम्ही सुतावरून स्वर्ग गाठताय."

"मला स्वर्ग नको, सर. चिमट्यांपर्यंत पोचले तरी पुरे. मोजमापं खरी, तरी आठ पिशव्यांत नंबर जुळत नाहीत. बटाटे चालत गेले नाहीत. तर मग चिमटे फिरलेत. आता प्रत्येक पिशवीचा तळ बघा."

पिशव्या उलट्या केल्या. खाकी कागदावर सहा तळांना फिकट गोल डाग होता. आठवडाभर बसलेल्या सफरचंदानं तेवढा ओलावा सोडला होता. डाग असलेल्या पिशव्यांवर विषम नंबर असायला हवे होते. दोन, सहा, दहा आणि बारा नंबरांच्या पिशव्यांना डाग होता. एक, पाच, नऊ आणि अकराचे तळ कोरे होते.

"एकचा चिमटा दोनवर, दोनचा एकवर," बियाणेताई बोटं लावत म्हणाली. "पाच-सहा. नऊ-दहा. अकरा-बारा. शेजारशेजारच्या जोड्या बदलल्यात. तीन-चार आणि सात-आठ तशाच ठेवल्यात."

"ज्याला प्रयोग बिघडवायचा असतो तो सगळे चिमटे काढून ढिगात टाकतो," मी म्हणाले. "जोड्या धरून काही बदलायच्या, काही सोडायच्या, हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. मोजणाऱ्याला कळू नये म्हणून असं करतात, हे ज्याला माहीत आहे त्याचं."

सगळ्यांची तोंडं एकदम सरांकडे वळली.

सरांचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. "मी म्हणालो होतो, केलं नाही. केलं असतं तर आज सकाळी पहिल्यांदा मीच सांगितलं असतं, की चिमटे मी बदलले होते."

"माहीत आहे," मी म्हणाले. "तुम्ही गप्प बसणारे नाहीत. म्हणूनच मी सकाळपासून गप्प बसलेल्या माणसाला शोधतेय."

६

मी आठ बिनजुळत्या पिशव्यांपैकी एक उचलून उजेडात धरली. तोंडाशी तीन अरुंद घड्या होत्या, एकावर एक, नखानं घट्ट दाबलेल्या. उघडल्यावरही कागदानं त्या रेषा सोडल्या नव्हत्या. मग तीन नंबरची पिशवी उचलली. तिचं तोंड नुसतं चुरगळलेलं.

"ही मुलगी पिशवी अशी चुरगळून बंद करते. जुळणाऱ्या चारही पिशव्या अशाच आहेत. फिरलेल्या आठही पिशव्यांना मात्र घड्या आहेत. चिमटा काढला की तोंड उघडतं, मग ते पुन्हा बंद करावं लागतं. ज्यानं बंद केलं, त्यानं हाताच्या सवयीनं बंद केलं. अशा घड्या मी आज सकाळीच पाहिल्या, दातांच्या हत्यारांच्या पाकिटांवर."

डॉक्टर खाली बघत होते.

"आणि घड्या दिसल्या नसत्या तरी मी तुमच्याकडेच आले असते, डॉक्टर. सकाळपासून बियाणेताई म्हणतेय ही खोटी, सर म्हणतायत सिद्ध करा, आई म्हणतेय माझी मुलगी असं करणार नाही. तुम्ही एकटेच असे, की तिनं हे केलं की नाही हे विचारलंच नाहीत. थेट माफी मागायला लागलात. तिच्या अपराधाची इतकी खात्री तुम्हाला कशी, हे मला कळत नव्हतं. फिरवाफिरवी तुमचीच, हे ध्यानात आलं तेव्हा कळलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"शुक्रवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आलो," ते म्हणाले. "प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवलं. छापा पडला की चिमटे बदलायचे. संध्याकाळी ती मोजणार होती. शनिवारी मी सगळ्यांसमोर सांगणार होतो, बघा, हिला काही माहीत नव्हतं, तरी निकाल आला. सरांचं तोंड कायमचं बंद झालं असतं. तिला सांगून केलं असतं तर त्याला अर्थ राहिला नसता."

"आणि सकाळी फोन आला," मी म्हणाले.

"फोन आला. आकडे जुळत नाहीत. मी मनातल्या मनात चिमटे परत जागेवर लावले, तर सगळे जुळले. ती शुक्रवारी मोजणार होती, हे मी धरूनच चाललो होतो. मग एकच अर्थ निघत होता. तिनं पिशव्या उघडल्याच नाहीत, आधीच्या नंबरांवरून घरी बसून ठोकून दिलं. आणि ते सिद्ध करणारा पुरावा माझ्याच हातचा. मी तोंड उघडलं असतं तर ती कायमची गेली असती. म्हणून मूग गिळून बसलो."

मला त्यांचा राग आला. खरं तर फार राग आला. माणूस दयाळू असला की त्याला वाटतं, आपण तपासलं नाही तरी चालतं. सकाळी अर्ध्या वाक्यात हा गुंता सुटला असता. पोरगी एका दिवसाची चूक लपवत होती आणि डॉक्टर तिला वाचवण्यासाठी नाण्याची गोष्ट लपवत होते, आणि दोघांच्या मध्ये तिचं नाव खोडायला पेन उघडलं गेलं होतं.

बियाणेताईनं ते पेन उचललं. "सर?"

सर पोरीसमोर येऊन उभे राहिले. "वार खोटा सांगितलास. हे मी विसरणार नाही. तू सुद्धा विसरू नकोस."

"हो सर."

"फलकावर सगळ्यात वर लिही. गुरुवारी मोजलं, एक दिवस आधी. आणि मोजताना मला माहीत होतं कुठे सफरचंद होतं. दोन्ही तुझ्या अक्षरात. ते वाचून परीक्षक कमी गुण देतील, दिलेच पाहिजेत. तरी लिहिणार?"

"लिहिणार."

"मग नाव जाऊ दे," सर बियाणेताईला म्हणाले आणि पुन्हा खिडकीपाशी गेले. सात नंबरच्या पिशवीत सफरचंद हरलं ते का, यावर ती पुढे काय करणार आहे, हे त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं. विचार कर, म्हणाले.

आई खुर्चीवर बसली होती. तिनं बाहीवरचं पीठ झटकलं, मग मुलीला जवळ ओढून तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तोच हात पाठीवर तसाच ठेवला.

बटाटेवाली आईच्या हाताखालून निघाली आणि डॉक्टरांसमोर गेली.

"डॉक्टरकाका, तुम्हाला वाटलं मी खोटं केलं. मग मला विचारलं का नाही?"

त्यांनी चष्मा घातला, परत काढला. "भीती वाटली, तू हो म्हणशील याची."

"मी 'नाही' असंच म्हटलं असतं."

डॉक्टरांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या.

"तेव्हा विश्वास ठेवला असता तुम्ही?"

तो माणूस मुलांना कधी वाईट बोलला नव्हता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता नेहमीसारखं काहीतरी गोड बोलतील. पण ते म्हणाले, "नाही."

तिनं मान हलवली. रडली नाही, रुसलीही नाही. टेबलाशी येऊन ती दोरे गोळा करायला लागली, एकेक सरळ करून, आखूड ते लांब.

"मग बरं झालं," ती म्हणाली, "मी नुसते आकडे लिहिले नाहीत."